वेढे

या वेळी प्रशिक्षण हॉलमध्ये नव्हतं.
प्रोजेक्टर नाही, 'आपला परिचय द्या' नाही,
बिस्किटांची बशीही नाही.
मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, पत्र्याच्या शेडखाली,
वार्निशच्या उग्र वासात
आम्ही अकरा विज्ञानशिक्षक
पालथ्या डब्यांवर बसलो होतो.

समोर जसुमतीबेन.
तांब्याची तार दोन बोटांत
वात वळताना कापूस धरावा तशी.
सत्तावीस वर्षं ती ट्रान्सफॉर्मर भरते.
एकोणीस वर्षं मी तो शिकवते.
एकाच गावात राहून
आमची कधी गाठ पडली नव्हती.

फळ्यावरचा माझा ट्रान्सफॉर्मर सुबक असतो:
चौकट, डावीकडे चार वेटोळी, उजवीकडे आठ,
खाली सूत्र, सूत्रात एन.
एन म्हणजे वेढ्यांची संख्या, लिहून घ्या.
मुलं लिहून घेतात.
इथे एन आठशे चाळीस होता
आणि जसुमतीबेनच्या उजव्या खांद्यात
दुखत होता.

'दोनशेचा एकेक भरा,' ती म्हणाली.
फरझाना मन्सुरी हिंदीत मोजू लागली,
राठवा सर ओठ न हलवता,
मी म्हटलं एकोणसाठ,
शेजारून पारुल म्हणाली ओगणसाठ,
आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता
मी तिला काहीतरी समजावून सांगायला गेले.
सवय.
एकशे चौतीस होते की त्रेचाळीस?
'मोजताना बोलायचं नाही, बेन.'
रागावली नाही. माझी तार उलगडली,
सुरकुत्या चिमटीने सरळ केल्या,
रीळ परत हातात दिलं.
आमचा तर धंदाच बोलण्याचा.

दुपारी तिने एक तयार झालेला सुरू केला.
पेचकसाचं टोक त्याच्या अंगाला, मूठ स्वतःच्या कानाला.
'याचे पत्रे सैल आहेत.' बाजूला ठेवला.
मग सहजच: 'तुम्ही विज्ञानवाले.
हलत नाही, फिरत नाही,
मग हा गुणगुणतो कशाने?'

अकरा जण. मोजल्या तर सतरा पदव्या.
बराच वेळ फक्त पंखा बोलत होता.
शेवटी राठवा सर म्हणाले, माहीत नाही.
इतकी प्रशिक्षणं केली,
कुठल्याच हजेरीपटाखाली
हे शब्द ऐकले नव्हते.

रात्री जुनी पुस्तकं काढली.
बुधवारी तिला फोन केला:
आतलं लोखंड ताणलं जातं, पुन्हा सैलावतं,
सेकंदाला शंभर वेळा,
इतकं थोडं की कुठल्याच फूटपट्टीला पत्ता लागत नाही.
ती जरा थांबली.
'म्हणजे त्यालाही खांदा आहे,' म्हणाली
आणि शिफ्टची घंटा झाली म्हणून फोन ठेवला.

शाळेत तिला बोलवायचं तर फॉर्म.
तज्ज्ञाचं शिक्षण: आचार्यांचं पेन तिथे अडलं.
मी म्हटलं, चौथी.
त्यांनी लिहिलं, खोडलं, 'अनुभवी' लिहिलं.
मानधनाचा रकाना नियमात बसेना.
तिचा अर्ध्या दिवसाचा पगार
आम्ही अकरा जणांनी वर्गणी काढून भरला,
आणि रिक्षाचे वीस रुपये
तिने काही केल्या घेतले नाहीत.

आज नववी ब.
चव्वेचाळीस मुलं, जळक्या पंख्यांतून सोडवलेली तार,
पुठ्ठ्याची रिळं.
ती बाकांमधून हिंडते आहे,
कुणाचं मनगट सैल करते, कुणाची तार घट्ट.
वर्गात इतकी शांतता की
रस्त्यापलीकडच्या डीपीची गुणगुण
इथवर येते आहे.

मी फळ्यापाशी उभी. हातात खडू.
काही लिहायचं नाही, काही सांगायचं नाही.
हे मला अजून नीट जमत नाही.

मागच्या बाकावर मितेश खारवा पुटपुटतो,
'चुकलो.'
इकडेतिकडे बघतो. कुणी ओरडत नाही.
तार उलगडतो,
चिमटीने सुरकुत्या काढतो,
एकपासून.